सायकल साहेबाची, हप्ता माझा



लेखाचा विषय सायकल आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना बुलेटवरून लडाखला गेल्याचं वर्णन वाचायचं आहे त्यांना वेळेत पान उलटता येईल. सायकल म्हटलं की होस्टेलवाल्याला दोनच आठवतात. एक, सीनियर पास आउट होताना ज्युनियरच्या गळ्यात मारून जातो ती, ब्रेक नसलेली. दुसरी, मेसच्या मागच्या भिंतीला टेकून गंजत पडलेली, जिचा मालक कोण हे रेक्टर सरांनाही सांगता येत नाही. पण नवी कोरी सायकल, तीही नोकरी लागल्यावर, तीही ऑफिसला जायला? "काय राव, एवढं शिकून शेवटी सायकल?" हा प्रश्न मला आईपासून जुन्या रूम पार्टनरपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे.

मी याच कॉलेजातून बारा वर्षांपूर्वी मेकॅनिकल करून बाहेर पडलो. गेली पाच वर्षे इंग्लंडात, ब्रिस्टल या गावी नोकरी करतो. तिथे 'सायकल टू वर्क' नावाच्या योजनेतून, कंपनीमार्फत, मी रोज कामावर जायची सायकल घेतली. संपादक मंडळाला परदेशातल्या अनुभवावर लेख हवा होता. पण 'तिकडे सगळं कसं शिस्तीत आणि आपल्याकडे सगळं कसं भंगार' हे पुराण मला लावायचं नाही. मला मुद्दा एकच मांडायचा आहे. या योजनेमागची कल्पना आपण जरूर उचलावी, पण तिच्या हिशोबाची पद्धत मुळीच उचलू नये. कसं ते सांगतो.

आधी योजना समजून घेऊ. ब्रिटनच्या १९९९ च्या फायनान्स अ‍ॅक्टमध्ये एक तरतूद आली. कंपनीने कर्मचाऱ्याला कामावर येण्याजाण्यासाठी सायकल वापरायला दिली, तर तो पगाराबाहेरचा फायदा धरून त्यावर कर लावायचा नाही. अट अशी की सायकलचा निम्म्याहून जास्त वापर कामावर जाण्यायेण्यासाठी व्हायला हवा आणि योजना सगळ्या कर्मचाऱ्यांना खुली असायला हवी. सायकलबरोबर हेल्मेट, दिवे, कुलूप हेही चालतं. रोज किती किलोमीटर मारले त्याचं जर्नल लिहून सबमिट करावं लागत नाही, ही त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट!

प्रत्यक्षात होतं असं. तुम्ही दुकानात जाऊन सायकल पसंत करता, कंपनी ती विकत घेते आणि तुम्हाला भाड्याने देते. भाडं बारा महिने तुमच्या पगारातून कापलं जातं, पण कर कापायच्या आधीच्या पगारातून. याला तिकडे 'सॅलरी सॅक्रिफाइस' म्हणतात. नाव ऐकून दधीची ऋषींची आठवण होते, पण त्याग वगैरे काही नाही. जो पगार तुम्ही सोडून देता त्यावर कर लागत नाही, एवढाच फंडा.

गंमत अशी की वर्षभर सायकल कंपनीची असते. 'वर्ष झालं की सायकल तुझी' असं करारात लिहिताही येत नाही, कारण तसं लिहिलं तर ते भाडं न राहता हप्त्याने केलेली विक्री ठरते आणि करमाफी जाते. त्यामुळे कंपनी, दुकानदार, मधली एजन्सी आणि तुम्ही असे चौघेही जण शेवटी काय होणार हे पक्कं माहीत असून काहीच माहीत नसल्यासारखा चेहरा करून वावरता. व्हायवाला एक्स्टर्नलसमोर आपण जसे उभे असतो, अगदी तसे. सायकल चोरीला गेली तरी हप्ता चालूच. नोकरी सोडली तर उरलेले सगळे हप्ते शेवटच्या पगारातून एकदम वळते होतात आणि तेही कर भरून उरलेल्या पैशातून. सायकल साहेबाची आणि हप्ता माझा!

आता थोडी आकडेमोड. कंटाळू नका, एम-थ्रीपेक्षा सोपी आहे. सायकल, कुलूप, दिवे सगळं मिळून १,००० पौंड धरा. दर २०२५-२६ चे घेतो (स्कॉटलंडचे थोडे वेगळे आहेत). साधारण पगाराच्या माणसाला २० टक्के प्राप्तिकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स लागतो, म्हणजे २८ टक्के. महिन्याला ८३ पौंडांचा हप्ता कापला गेला तरी त्याच्या हातात येणारा पगार ६० पौंडांनीच कमी होतो. वर्षाचे ७२० पौंड. बचत २८०. झकास!

पण थांबा. वर्ष संपलं की सायकल अजून कंपनीचीच आहे. ती आपल्या नावावर करायची तर बाजारभाव द्यायला हवा. तो किती धरायचा याचा तक्ता ब्रिटनच्या कर खात्याने २०१० मध्ये काढला. पाचशे पौंड किंवा त्याहून महाग सायकल एक वर्षाची असेल तर मूळ किमतीच्या २५ टक्के. म्हणजे २५० पौंड. ७२० अधिक २५०, झाले ९७०. सगळा खटाटोप करून वाचले तीस पौंड! यातून पळवाट अशी की वर्षानंतर अगदी थोड्या रकमेवर भाडेकरार आणखी तीन वर्षे लांबवायचा. चार वर्षांच्या सायकलचा भाव तक्त्यात ७ टक्के आहे, म्हणजे ७० पौंड. बहुतेक एजन्सी हीच पद्धत वापरतात. आता एकूण खर्च ७९०, बचत २१०. हे पैसे खरे आहेत, मला मिळाले आहेत आणि मी त्याबद्दल तक्रार करत नाही.

माझी तक्रार पुढच्या ओळीपासून सुरू होते. ज्याचा पगार ५०,२७० पौंडांच्या वर आहे, त्याला वरच्या भागावर ४० टक्के कर आणि २ टक्के इन्शुरन्स लागतो. त्याच्यासाठी तीच सायकल ५८० अधिक ७०, म्हणजे ६५० पौंडांना पडते. बचत ३५०. आणि जो पार्ट टाइम काम करून वर्षाला १२,५७० पौंडांच्या आत कमावतो त्याला कर लागतच नाही, म्हणून त्याची बचत शून्य. शेवटचे ७० पौंड धरून त्याला १,००० ची सायकल १,०७० ला पडते! म्हणजे साहेबाला ६५०, माझ्यासारख्याला ७९० आणि अर्धवेळ कामगाराला १,०७०. सायकल एकच, रंगही तोच.

शिवाय कायदा असा की पगारातून ही कपात केल्यावर ताशी मजुरी राष्ट्रीय किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. नियम कामगाराच्या भल्याचाच आहे, पण परिणाम उलटा. ज्याला मुळात किमान वेतनच मिळतं त्याला या वाटेने सायकल घेताच येत नाही. स्वतंत्र धंदा करणाऱ्यांना नाही, पेन्शनरांना नाही. २०१९ पर्यंत बहुतेक ठिकाणी १,००० पौंडांची मर्यादा पाळली जायची. त्या वर्षी जूनमध्ये सरकारने नवी मार्गदर्शक सूचना काढून मोठ्या रकमेचा रस्ता मोकळा केला. बॅटरीच्या सायकली त्यात बसाव्यात हा हेतू चांगलाच होता. पण ४,००० पौंडांची सायकल घेणाऱ्या मोठ्या पगारदाराला ४२ टक्क्यांनी १,६८० पौंडांची सूट मिळते (शेवटची रक्कम त्यातून वजा करा). जितका पगार मोठा आणि जितकी सायकल महाग तितका सरकारचा हात सैल.

हे आकडे मला कागदावर कधी खटकले नसते. खटकले ते एका माणसामुळे. आमच्या ऑफिसात पहाटे साफसफाई करायला एक गृहस्थ येतात. मूळचे सोमालियाचे, वय पन्नाशीच्या पुढे, आपल्याकडे असते तर मी त्यांना काकाच म्हटलं असतं. पहाटे पाचला बस सोयीची नाही म्हणून ते बारा महिने सायकलवर येतात. सायकल कसली, सांगाडा! पुढचा दिवा सुतळीने बांधलेला. आम्ही नऊ वाजता येणारे लोक चमकदार जाकिटं घालून 'सायकल टू वर्क' करतो. खरं सायकल टू वर्क ते करतात. माझी नवी सायकल स्टँडला बघून त्यांनी विचारलं, ही योजना मला मिळेल का? मिळत नाही. ते आमच्या कंपनीच्या नोकरीत नाहीत, ठेकेदाराच्या आहेत. ठेकेदाराकडे योजना नाही, आणि असती तरी किमान वेतनाची अट आडवी आलीच असती. 'सगळ्यांना खुली' या शब्दांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. कंपनीने पगार न कापता नुसती वापरायला सायकल दिली तर कायद्याची काहीच आडकाठी नाही. पण पगारकपातीच्या पद्धतीत कंपनीचाही स्वतःच्या वाट्याचा इन्शुरन्स वाचतो, २०२५ च्या एप्रिलपासून तो १५ टक्के आहे. माझ्या हजार पौंडांमागे कंपनीचे दीडशे वाचले. फुकट सायकल देण्यात तिचं काय वाचणार?

मग योजना वाईट का? तर नाही. सुरुवातीला म्हटलं तसं, कल्पना सोन्यासारखी आहे. हातात हजार पौंड नसताना चांगली सायकल मिळते, तेही बिनव्याजी, आणि हप्ता पगारातून परस्पर जातो. ही बिनव्याजी हप्त्याची सोय करसवलतीपेक्षाही जास्त कामाची आहे असं माझं मत आहे. दुसरं, सायकल हे कामावर जायचं अधिकृत वाहन आहे असं सरकार कागदावर म्हणतं. एकदा का कंपनीने पंधरा-वीस जणांना सायकली दिल्या की त्या ठेवायला छप्पर लागतं, आंघोळीला शॉवर लागतो, आणि मग या गोष्टी मागताना कोणी हसत नाही.

अर्थात नुसती सायकल देऊन भागत नाही, रस्ताही लागतो. मी ज्या वाटेने जातो ती ब्रिस्टल ते बाथ अशी तेरा मैलांची जुनी रेल्वेलाईन आहे. रूळ निघून गेले होते, लाईन ओसाड पडली होती. १९७७ साली गावातल्या सायकलवाल्यांचा एक गट जमला आणि १९७९ पासून त्यांनी स्वयंसेवकांच्या हातांनी ती वाट बांधायला घेतली. १९८६ पर्यंत ती पुरी झाली. करसवलत आली त्याच्या कितीतरी आधी! ब्रिस्टलचे चढ बघितले तर कात्रजचा घाट आठवावा, पण रेल्वेची वाट सपाट, म्हणून साठीच्या आजीसुद्धा त्यावरून भाजी घेऊन जाताना दिसतात.

सायकलबद्दलही दोन शब्द. आपल्याकडे पोरं एकवीस गिअर आणि दोन्हीकडे सस्पेन्शन बघून भाळतात. डांबरी रस्त्यावर ते स्वस्तातलं सस्पेन्शन फक्त तुमच्या पायाची शक्ती खातं आणि वजन वाढवतं. रोज कामावर जायच्या सायकलला मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, घंटी आणि पावसात लागणारे ब्रेक पाहिजेत. तिकडे यातल्या निम्म्या वस्तू वेगळे पैसे मोजून बसवून घ्याव्या लागतात. आणि आपली ती बावीस इंची काळी सायकल आठवा! दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांची. या सगळ्या गोष्टी तिच्यावर आधीपासून होत्या (पावसातले ब्रेक सोडून). तिला आपण गरिबाची सायकल म्हणून हिणवलं. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तोही नेमका ३ जूनला, जागतिक सायकल दिनी.

आता आपल्या घरचं बघू. आपल्याकडे अशा योजना नव्हत्या असं कोणी म्हणू नये. केंद्र सरकारच्या नोकरांना सायकल घ्यायला बिनव्याजी अग्रिम मिळायचा. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ मध्ये तो बंद झाला. त्याच आयोगाने सायकल भत्ताही बंद करा म्हटलं होतं. सरकारने ते ऐकलं नाही आणि २०१७ मध्ये पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांचा भत्ता महिना ९० रुपयांवरून १८० केला. रक्कम ऐकून हसू येईल, पण दिशा बघा. पैसा ज्याच्या पायाखाली पेडल आहे त्यालाच जातो. खाजगी नोकरीत महिना १,६०० रुपयांपर्यंतचा प्रवास भत्ता करमुक्त होता, तो २०१८ च्या बजेटमध्ये गेला आणि सरसकट वजावट आली. २०२५ च्या सप्टेंबरात सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, हे चांगलं झालं.

पण सगळ्यात मोठं उदाहरण बिहारचं. २००६ साली तिथल्या सरकारने नववीतल्या मुलींना सायकलसाठी दोन-दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कराचा संबंध नाही, पगाराचा नाही, भाडेकरार नाही. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढलं आणि जास्त फायदा झाला तो शाळा लांब असलेल्या गावांत. म्हणजे जिथे गरज जास्त तिथे उपयोग जास्त. ब्रिस्टलच्या योजनेत पैसा वर चढतो, बिहारच्या योजनेत खाली उतरतो. सायकलबाबतीत मी बिहारच्या बाजूचा आहे.

"हे सगळं ठीक आहे, पण आमच्या होस्टेलला त्याचं काय?" सांगतो. आपल्या मेसमधले काका, रात्रपाळीचे वॉचमनकाका, सकाळी विंग झाडायला येणाऱ्या मावशी हे लोक येतात कसे, कधी विचारलंय? कोणी दोन रिक्षा बदलून, कोणी चालत, कोणी कुणाच्या बाइकवर मागे बसून. त्यातले बरेच जण ठेकेदाराचे, म्हणून सेवकांच्या पतसंस्थेचे सभासद नाहीत, म्हणून कर्ज नाही. ब्रिस्टलच्या त्या काकांची आणि यांची अडचण तंतोतंत एकच आहे!

साधी सायकल सहा हजारांची धरा. महिना पाचशेचे बारा हप्ते. मालकी पहिल्या दिवसापासून ज्याची त्याची, साहेबाची नाही. दहा टक्के व्याजाने हिशोब केला तर घटत्या शिलकीवर वर्षाचं व्याज साधारण सव्वातीनशे रुपये होतं. वीस सायकलींचं व्याज साडेसहा हजार. तेवढं गॅदरिंगच्या बजेटमधून किंवा आम्हा माजी विद्यार्थ्यांकडून घ्या. पैसे बुडाले तर? वीसपैकी दोघांनी निम्मे हप्ते बुडवले तरी सहा हजार. दोन्ही मिळून साडेबारा हजार. गॅदरिंगच्या एका रात्रीच्या साउंड सिस्टीमकडे बघा आणि सांगा, हे जास्त आहे का? आणि अट फक्त एक ठेवा. ज्याचा पगार सगळ्यात कमी त्याचा नंबर पहिला. प्राध्यापकांनीही जरूर घ्याव्यात, पण रांगेत मागे उभं राहून.

दुसरं काम तुमचं. मेसमागे गंजत पडलेल्या सायकलींची नोटीस लावा, महिनाभरात मालक आला नाही तर त्या वर्कशॉपमध्ये न्या. फर्स्ट इयरला तो मेल-फीमेलचा जॉब फाइल करून करून आपण हात सुजवतो आणि शेवटी तो भंगारात जातो. त्याच पोरांना चाकाचा आऊट काढायला, बेअरिंग बदलायला, ब्रेक बसवायला शिकवा. सर, मार्क्स त्यालाच द्या! तिसरं, कॉलेजच्या दारात मोटरसायकलींना छप्पर आहे आणि सायकलींना लिंबाचं झाड. हे उलट करायला फक्त एक फलक हलवावा लागेल.

लोक म्हणतील ऊन आहे, पाऊस आहे, ट्रॅफिक आहे. आहेच. पण हे सगळं त्या वॉचमनकाकांना आजही चुकलेलं नाही, ते त्याच उन्हातून चालत येतात. सायकलीने त्यांचं ऊन कमी होणार नाही, उन्हातला वेळ कमी होईल. अर्धा तास झोप जास्त मिळेल, रिक्षाचे पैसे घरात राहतील. माझे दोनशे दहा पौंड वाचले नसते तरी मी सायकल घेतलीच असती. ज्यांच्या घरात त्या पैशाने खरोखर फरक पडतो, त्यांचं नाव यादीत सगळ्यात वर लिहा. यादी करायला पुढचं गॅदरिंग कशाला हवं? आज रात्री मेसमध्ये जेवताना काकांना विचारा, घर किती लांब आहे.